वायरलेस प्रोब घ्यायचाय? आधी आपल्या मशीनचे पोर्ट मोजा

शिवरात्र झाली की आमच्याकडं बेळगावात एसीचे फोन सुरू होतात आणि त्याच सुमाराला नवीन पोरांचेपण. आयटीआय करून एक-दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढलेली असतात, आता स्वतःचं सुरू करायचं असतंय, आणि पहिला प्रश्न ठरलेला, दादा तो ब्लूटूथवाला सेट घेऊ का, कुठल्या कंपनीचा घेऊ. मी कंपनी सांगायच्या आधी उलटं विचारतो, गेल्या महिन्यात किती मशीन उघडल्यास, त्यात स्प्लिट किती, फ्रिज किती, कोल्ड रूम किती, आणि प्रत्येकाला गेज लावायला पोर्ट किती होते? हे वहीत लिहून काढलं की निम्मी खरेदी तिथंच ठरते. बाकीचं निम्मं खाली सांगतोय, सावकाश वाचा, कारण ह्यात घातलेले पैसे एका सीझनमध्ये सुटत नाहीत.

प्रोब म्हणजे काय हे ज्यांना अजून नीट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपलं जुनं मॅनिफोल्ड गेज म्हणजे दोन घड्याळं आणि तीन होज. वायरलेस प्रोबमध्ये घड्याळ नाही, होज नाही, सेन्सर सरळ पोर्टवर बसतो आणि आकडा मोबाईलवर येतो. प्रेशरचा प्रोब वेगळा, पाइपचं टेंपरेचर घेणारा चिमटा म्हणजे क्लॅम्प वेगळा, हवेचं टेंपरेचर आणि दमटपणा घेणारा वेगळा, व्हॅक्यूमचा वेगळा. हे सगळे अ‍ॅपमध्ये एकत्र येतात आणि अ‍ॅप त्यांच्यावरून सुपरहीट (परत येणारा गॅस उकळायच्या टेंपरेचरपेक्षा किती गरम), सबकूलिंग (लिक्विड झालेला गॅस लिक्विड व्हायच्या टेंपरेचरपेक्षा किती थंड) वगैरे काढून देतंय. फील्डपीसचे जॉब लिंक, टेस्टोचे स्मार्ट प्रोब, यलो जॅकेट, एलिटेक अशी नावं तुमच्या कानावर पडली असतील.

पहिलं काम: पोर्ट मोजा

टिळकवाडी, शहापूर, हिंडलगा, कुठल्याही घरात जावा, भिंतीवर एक-दीड टनाचा स्प्लिट असतोय, हल्ली बहुतेक आर-३२ गॅसवरचा इन्व्हर्टर. त्याच्या आउटडोअरला बघा, सर्व्हिस पोर्ट एकच आहे, जाड पाइपच्या व्हॉल्व्हवर. बारीक पाइपच्या व्हॉल्व्हवर पोर्टच नाही. म्हणजे दुकानदारानं गळ्यात मारलेल्या सेटमधला लाल, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा, प्रेशर प्रोब तुम्ही लावणार कुठं? तो पेटीतच राहणार.

आणि समजा पोर्ट असता तरी उपयोग नव्हता, हे नवीन पोरांना कुणी सांगत नाही. ह्या छोट्या स्प्लिटमध्ये कॅपिलरी किंवा इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आउटडोअरमध्येच असतोय, म्हणजे बारीक पाइपमधनं आत जाणारा गॅस आधीच प्रेशर सोडून थंड झालेला असतोय. दोन्ही पाइप थंड लागतात ते ह्याच्यामुळंच. पुस्तकात वाचलेलं सबकूलिंग त्या पाइपवर मोजायला गेलात तर आकडा येईल पण त्याला अर्थ काही नाही.

दोन पोर्ट कुठं मिळतात? डक्टेबल मशीन, मोठे पॅकेज युनिट, दूध संघाचे बल्क कूलर, कोल्ड रूम, उद्यमबागेतल्या कारखान्यातले चिलर. तिथं लिक्विड लाइनवर प्रेशर आणि टेंपरेचर दोन्ही घेता येतंय, बहुतेक ठिकाणी थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असतोय, आणि तिथं सबकूलिंग बघितल्याशिवाय गॅस भरूच नये. तुमच्या वहीत अशी कामं महिन्याला दोन-चार जरी असली तरी दुसरा प्रेशर प्रोब घ्या. नसली तर पुढच्या वर्षी बघू म्हणा आणि ते पैसे क्लॅम्पवर घाला.

फ्रिजवाल्यांसाठी वेगळं सांगतो. घरातल्या नवीन फ्रिजमध्ये आर-६००ए असतोय, पन्नास-साठ ग्रॅम गॅस सगळा मिळून. सर्व्हिस पोर्टच नसतोय, प्रोसेस ट्यूब पिंच करून बंद केलेली असते. नुसतं चेक करायला म्हणून त्याला पियर्सिंग व्हॉल्व्ह (पाइपला भोक पाडून बसणारा) मारून प्रोब लावायचा विचारसुद्धा करू नका, आधी टेंपरेचर आणि अ‍ॅम्पियर बघा, नव्वद टक्के गोष्टी तिथंच कळतात.

दुसरं काम: घ्यायचा क्रम ठरवा

साधं मॅनिफोल्ड गेज आणि अ‍ॅम्पियर मोजायचा क्लॅम्प मीटर तुमच्याकडं आहेच असं धरतो. मग माझा क्रम असा: आधी दोन पाइप क्लॅम्प, त्याच्यासोबत हवेचे दोन प्रोब, मग व्हॅक्यूम गेज, मग एक प्रेशर प्रोब, आणि सगळ्यात शेवटी दुसरा प्रेशर प्रोब. दुकानात नेमकं उलटं विकतात, प्रेशरच्या जोडीपासून सुरुवात करतात, कारण गेज म्हटलं की सगळ्यांना प्रेशरच आठवतंय.

टेंपरेचर आधी का, ते माझ्यावर आलेल्या प्रसंगावरून सांगतो. बऱ्याच वर्षांमागं एका दवाखान्याचा स्प्लिट, आर-३२, थंड होत नाही म्हणून गेलो. गेज लावलं तर प्रेशर ९५ पीएसआय (दाबाचं माप). आता आर-३२ ला १२० च्या आसपास असलं तर आत कॉइल चारेक डिग्रीवर असते, ९५ म्हणजे कॉइल शून्याच्याही दोन-अडीच डिग्री खाली. कंपाउंडर शेजारी उभा राहून कन्नडमध्ये म्हणायला लागला, गॅस हाक्रि, गॅस हाक्रि, म्हणजे गॅस घाला, आणि मी घातला. आकडा वर आला, बिल झालं. आठ दिवसांत परत फोन, आता इनडोअरमधनं पाणी गळतंय. उघडून बघतो तर ब्लोअरची पाती धुळीनं भरलेली, कॉइलवर हवाच जात नव्हती, बर्फ धरून वितळत होतं. गॅस कधीच कमी नव्हता. त्या डॉक्टरांचे पैसे मी परत केले, जास्तीचा गॅस काढला, पण ते माझ्या अजून मनात आहे.

बघा, प्रेशर कमी दिसायला दोन मोठी कारणं असतात. गॅस कमी असला तर प्रेशर कमी, सुपरहीट जास्त, आणि आत जाणाऱ्या-येणाऱ्या हवेतला फरक कमी. हवा कमी असली तर प्रेशर कमीच, पण सुपरहीटसुद्धा कमी, आणि हवेतला फरक उलट जास्त. प्रेशरचा काटा दोन्हीकडं एकच गोष्ट सांगतोय. फरक सांगतंय ते टेंपरेचर. त्या दिवशी माझ्याकडं जाड पाइपवर एक क्लॅम्प आणि जाळीवर दोन हवेचे प्रोब असते तर सिलिंडर गाडीतनं बाहेर निघालाच नसता.

सुपरहीट काढणं अवघड नाही, अ‍ॅप काढतंयच, पण हातानं यायला पाहिजे. प्रेशरवरून त्या गॅसचं उकळायचं टेंपरेचर चार्टवर बघा, पाइपच्या टेंपरेचरमधनं वजा करा. पाइप ११ डिग्री, चार्टवर ४, तर सुपरहीट ७. प्रेशर जिथं घेतलं तिथंच शेजारी क्लॅम्प लावायचा, इन्सुलेशन कापून तांब्यावर, पाइप पुसून घ्यायचा, आणि वर परत फोमचा तुकडा गुंडाळायचा, नाहीतर दुपारी टेरेसवर क्लॅम्प पाइपपेक्षा उन्हाचंच टेंपरेचर जास्त सांगतोय.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सारखा बदलत असतोय, तसं प्रेशरपण. टेस्ट मोड किंवा फोर्स कूलिंगवर टाकून पंधरा-वीस मिनिटं स्थिर होऊ द्यायचं, मग बघायचं, आणि गॅस भरायचा झालाच तर सगळा काढून, व्हॅक्यूम करून, प्लेटवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणं वजनकाट्यावर भरायचा, पाइप लांब असला तर कंपनीनं मीटरमागं जेवढे ग्रॅम सांगितलेत तेवढे वाढवायचे. प्रोब बघून अंदाजानं भरणं हे इन्व्हर्टरला चालत नाही. म्हणून वजनकाटा नसेल तर प्रोबच्या आधी काटा घ्या, साधा डिजिटल चालेल, पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा.

बेळगावची उंची, जी मॅन्युअलमध्ये नसते

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे. चार्ट आणि मॅन्युअल छापतात ते समुद्रसपाटीचं धरून, १४.७ पीएसआय हवेचा दाब. आपल्याकडं तो १३.४ च्या आसपास असतोय. हा सव्वा पीएसआयचा फरक स्प्लिटमध्ये जाणवत नाही, पण दोन ठिकाणी चांगलाच फसवतोय.

पहिलं व्हॅक्यूम. काट्याचं गेज लावून पंप चालू केला की काटा २७ च्या जरा पुढं जातोय आणि थांबतोय, आणि पोरं म्हणतात पंप कमजोर झाला, ३० पर्यंत जातच नाही. अरे जाणार कसा, आपल्याकडं हवेचाच दाब पाऱ्याच्या २७.४ इंचाइतका आहे, शून्यावर सेट केलेला काटा त्याच्या पलीकडं जाऊच शकत नाही. पंप ठीक आहे. चांगले पंप ह्या कारणानं दुरुस्तीला गेलेले मी बघितलेत.

दुसरं आर-६००ए. फ्रिज चालू असताना त्याची सक्शन साइड (कॉम्प्रेसरकडं परत येणारी कमी दाबाची बाजू) हवेच्या दाबापेक्षा खाली असते. कॉइल उणे २५ वर असली तर गॅसचा खरा दाब साडेआठ पीएसआयच्या आसपास, म्हणजे गोव्यात गेज उणे सव्वासहा दाखवणार आणि बेळगावात उणे पाच. इतक्या छोट्या आकड्यात सव्वा पीएसआय म्हणजे बरंच झालं.

म्हणून अ‍ॅप उघडलं की सेटिंगमध्ये उंची किंवा हवेचा दाब टाकायची जागा आहे का बघा, असली तर भरा. नसली तर ते अ‍ॅप फ्रिजच्या कामाला धरू नका. आणि प्रत्येक कामाच्या आधी प्रोब हवेत उघडा धरून झीरो करा. चोर्ला घाटानं खाली गोव्यात कामाला जाणारे आपल्यातले बरेच आहेत, वर झीरो केलेला प्रोब खाली गेल्यावर नुसत्या हवेतच एक-सव्वा पीएसआय दाखवू शकतोय, तिथं परत झीरो करा.

हवेवरून मशीनचे टन काढून देणारी अ‍ॅप असतात, त्यांना पण उंची लागतेच, कारण आपल्याकडची हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के पातळ, तेवढाच आकडा चुकतोय.

स्पेसिफिकेशनमध्ये काय वाचायचं

सगळ्यात फसवा शब्द म्हणजे फुल स्केल. डब्यावर लिहिलेलं असतंय अचूकता अर्धा टक्का फुल स्केल, वाचायला झकास वाटतंय. प्रोबची रेंज ६० बार असली तर त्याचा अर्धा टक्का म्हणजे ०.३ बार, म्हणजे साडेचार पीएसआयला जरा कमी, आणि ही चूक रेंजमध्ये कुठंही होऊ शकते, आकडा छोटा असला तरी तेवढीच. आता हिशेब करा. आर-३२ मध्ये ५ डिग्रीजवळ एका डिग्रीला साधारण ०.३ बार बदलतंय, म्हणजे चूक झाली तर एका डिग्रीची, चालेल. आर-१३४ए चा फ्रिज किंवा बाटल्यांचा कूलर, उणे १० वर, तिथं तीच चूक साडेतीन-चार डिग्रीची. आणि आर-६००ए ला तर तो प्रोब जवळजवळ निरुपयोगी, कारण खरा दाबच अर्ध्या बारच्या जरा वर असतोय. म्हणून फ्रिज आणि डीप फ्रीझर ज्यांचं मुख्य काम त्यांनी छोट्या रेंजचा प्रोब शोधायचा, किंवा प्रेशर सोडून टेंपरेचर आणि वजनावर काम करायचं.

वरची मर्यादापण बघा. अथणी-रायबागकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतोय, स्लॅबवरच्या आउटडोअरभोवती त्याच्याही वर, आर-३२ चं कंडेन्सिंग (आउटडोअरमध्ये गॅसचं लिक्विड व्हायचं टेंपरेचर) ५५ डिग्रीला गेलं की दाब ५०० पीएसआयला पोचतोय. ५०० वरच संपणारा प्रोब घेऊ नका, कमीत कमी ७००-८०० पर्यंतचा पाहिजे.

हीटिंगवाल्यांसाठी पण हेच. हॉट-कोल्ड स्प्लिट हीटिंगवर टाकला की ज्या जाड पाइपवर आपण सक्शन समजून गेज लावतोय तीच लाइन डिस्चार्ज, म्हणजे जास्त दाबाची, होते, आर-३२ मध्ये ४०० च्या वर. लो साइडचं घड्याळ तिथं राहिलं तर संपलं. हॉटेल आणि हॉस्टेलच्या हीट पंप गीझरला टाकीत जाणारं पाणी आणि येणारं पाणी ह्यांच्यावर दोन क्लॅम्प लावले की पहिला अंदाज लगेच येतोय.

गॅसची यादी बघा. आर-२२, आर-३२, आर-४१०ए, आर-१३४ए, आर-४०४ए, आर-४०७सी, आर-२९०, आर-६००ए एवढे पाहिजेतच. आर-४०७सी मध्ये उकळायला सुरुवात होते ते टेंपरेचर आणि शेवटचा थेंब उकळतोय ते टेंपरेचर ह्यात पाच-सहा डिग्रीचा फरक असतोय, सुपरहीटला एक आणि सबकूलिंगला दुसरं धरायचं असतंय, अ‍ॅप ते आपोआप करतंय का हे विकणाऱ्याला विचारा. आर-२९० आणि आर-६००ए पेट घेतात, आर-३२ पण हळू का होईना पेटतोय, तेव्हा प्रोबच्या कागदावर ए-टू-एल (हळू पेटणाऱ्या) आणि ए-थ्री (चटकन पेटणाऱ्या) गॅसला चालतो असं स्पष्ट लिहिलंय का बघा. नसलं तर त्या गॅसवर लावू नका.

रेंज किती मीटर लिहिली आहे त्याच्यावर फार जाऊ नका. ती मोकळ्या मैदानातली असते. आपल्याकडं आउटडोअर टेरेसवर, इनडोअर दोन मजले खाली, मधी आरसीसीचे स्लॅब, आणि जुन्या घरात जाड दगडी भिंती. शक्य असलं तर ओळखीच्या कुणाचा तरी सेट मागून एका दोन मजली घरात लावून बघा, वरचा प्रोब खाली दिसतो का. दिसत नसला तर दुसऱ्या मोबाईलवर वरचे प्रोब जोडून तो वरच ठेवायचा, पोऱ्याला आकडे सांगायला लावायचं, काम अडत नाही.

अडॅप्टर, नाहीतर पहिल्याच दिवशी अडाल

जुन्या आर-२२ च्या मशीनचा पोर्ट दोन सूत (पाव इंच) फ्लेअरचा, आणि आर-४१०ए, आर-३२ चा अडीच सूत. बहुतेक प्रोब दोन सुताचे येतात. माझा पहिला प्रोब ऑनलाइन मागवला तेव्हा अडॅप्टर बॉक्समध्ये नव्हता आणि विकणाऱ्यानं ते कुठं लिहिलंपण नव्हतं, खानापूरच्या पुढं जांबोटीजवळ एका घरी पोचलो आणि प्रोब हातात धरून उभा. अडीच सुताचे दोन अडॅप्टर घ्या, पिन दाबणारे, आणि त्यांचे रबर वॉशर डझनभर. प्रोब हातानं घट्ट करायचा, पक्कड लावायची नाही, वॉशर कापला जातोय आणि मग तिथंच गळती शोधत बसायची.

होज नसण्याचा फायदा इथंच आहे. पाच फुटी होज लावली की थोडा गॅस होजमध्ये जातोय आणि काढताना हवेत. मोठ्या मशीनला त्याचं काही नाही, पण ४००-५०० ग्रॅमच्या छोट्या स्प्लिटला वर्षातनं दोनदा नुसतं चेक करायला गेज लावलं तर चेक करूनच गॅस कमी करताय तुम्ही.

व्हॅक्यूम गेजबद्दल जरा जास्त बोलतो

कारण ह्याच्यावर कुणी पैसे घालत नाही आणि आपल्या भागात ह्याचीच सगळ्यात जास्त गरज आहे. जून ते सप्टेंबर खानापूर, कणकुंबी, जांबोटी पट्ट्यात पाऊस थांबतच नाही, बेळगाव शहरातसुद्धा भिंती ओल्या असतात. त्या दिवसांत पाइप उघडा राहिला, फ्लेअर बदलायला मशीन खोललं, की दमट हवा आत गेलीच. हे पाणी आर-३२ च्या तेलात मुरतंय, आणि हळूहळू आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसरची वाइंडिंग खातंय.

पाणी काढायचं म्हणजे आत इतका कमी दाब करायचा की ते गार पाइपमध्येच उकळून वाफ होऊन जाईल. २२ डिग्रीला पाणी उकळायला दाब २० हजार मायक्रॉनच्या (व्हॅक्यूममधल्या बारीक दाबाचं माप) खाली लागतोय, आणि तेवढ्यावर थांबून भागत नाही, ५०० मायक्रॉनपर्यंत न्यायला पाहिजे. समुद्रकाठची हवा ७ लाख ६० हजार मायक्रॉन. काट्याच्या गेजवर २० हजार आणि ५०० ह्यांच्यात अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक दिसतोय, म्हणजे जाड सुईच्या रुंदीइतका. त्याच्यावर विश्वास ठेवून वीस मिनिटं पंप फिरवला, झालं, असं म्हणणं बरोबर नाही. मायक्रॉन गेजच पाहिजे.

लावायचा कुठं? पंपावर नाही. पंपाच्या तोंडाशी व्हॅक्यूम नेहमीच चांगला दिसतोय. पंपापासनं लांब, मशीनच्या बाजूला लावा, आणि जमलं तर पिन काढायच्या टूलनं पोर्टमधली पिन काढून तिथनं जाड होजनं ओढा, वेळ निम्म्याहून कमी होतोय. ५०० च्या खाली गेलं की व्हॉल्व्ह बंद करून पंप तोडा आणि दहा मिनिटं मोबाईलवर आलेख बघा. आकडा थोडा चढून थांबला तर ठीक. हजार-दीड हजारावर जाऊन तिथं थांबला तर आत ओल आहे, परत ओढा. थांबतच नाही, चढतच राहतोय, तर गळती आहे, नायट्रोजन भरा. हा आलेख म्हणजे वायरलेस गेजचा खरा फायदा, काट्यावर हे दिसतच नाही.

नायट्रोजनवरून एक सांगतो. दुपारी दोनला ३४ डिग्रीत ३०० पीएसआय भरलं आणि रात्री २२ डिग्रीला बघितलं तर २८८ दिसणार, बारा पीएसआय गेले, आणि गळती एक थेंबाची नाही. गॅस थंड झाला की दाब उतरतोच. म्हणून प्रेशर टेस्टच्या वेळी पाइपवर क्लॅम्पपण ठेवा, काही अ‍ॅप टेंपरेचर धरून दाब दुरुस्त करून दाखवतात. आणि नायट्रोजनच, ऑक्सिजन चुकूनसुद्धा नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतोय.

मोबाईल आणि अ‍ॅप

पैसे द्यायच्या आधी अ‍ॅप फोनमध्ये टाकून बघा, प्रोब नसताना पण उघडतंय. जुन्या अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथनं प्रोब शोधायला लोकेशन चालू लागतंय, अँड्रॉइड १२ पासनं जवळच्या डिव्हाइसची परवानगी मागतंय, ती नाकारली की प्रोब दिसत नाही आणि पोरांना वाटतंय प्रोब खराब आला. गावाकडं नेटवर्क नसतंय, तर अ‍ॅप नेटशिवाय चालतंय का, रीडिंग फोनमध्ये सेव्ह होतात का ते बघा. रिपोर्टची पीडीएफ काढायला काही अ‍ॅप वेगळे पैसे घेतात, ते आधी कळलेलं बरं. आणि ज्यांना अजून काहीच घ्यायचं नाही त्यांनी डॅनफॉसचं रेफ टूल्स नावाचं फुकट अ‍ॅप टाकून घ्या, त्यातला स्लायडर फिरवून प्रत्येक गॅसचं प्रेशर आणि टेंपरेचर पाठ होईपर्यंत बघा.

दोघं मेकॅनिक एकाच साइटवर असले तर एकाचा प्रोब दुसऱ्याच्या फोनला चिकटतोय आणि भलतंच रीडिंग येतंय. प्रोबला अ‍ॅपमध्ये नाव द्या, वर रंगीत टेप लावा.

कुठनं घ्यायचं

जीएसटी बिलासहच घ्या, दोन-तीनशे वाचवायला बिनबिलाचं नको, वॉरंटी बिलावरच मिळते. सर्व्हिस कुठं होते ते विचारा. टेस्टोचं भारतातलं ऑफिस पुण्यात आहे, आपल्याला कोल्हापूरवरनं कुरिअरनं जाऊन येतंय. अमेरिकेतनं नातेवाइकाकडनं मागवलेला सेट स्वस्त पडतोय खरा, पण बिघडला तर तिकडंच पाठवायचा. आणि एक चांगला पूर्ण सेट ज्या पैशात येतोय त्यात चांगला टू-स्टेज व्हॅक्यूम पंप येतोय, पंप जुना आणि धूर सोडणारा असला तर आधी तो बदला.

सुटे सेल मिळतील असंच घ्या. ट्रिपल ए सेल चिकोडीतल्या कुठल्याही दुकानात मिळतात, बटन सेलसाठी शोधत फिरावं लागतंय.

आणल्या दिवशी घरी तपासा

सगळे क्लॅम्प एकाच गार पाइपवर शेजारी-शेजारी लावा, दहा मिनिटांनी अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त फरक नको. मग बर्फ बारीक फोडून त्यात थोडं पाणी घाला, क्लॅम्प पातळ पिशवीत घट्ट बांधून त्यात बुडवा, शून्य यायला पाहिजे. उकळत्या पाण्यात घालून १०० आलं का बघायचं असं कुणी सांगितलं तर लक्षात ठेवा, बेळगावात पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतंय, प्रोब खोटा नाही.

प्रेशरसाठी आर-२२ चा किंवा आर-३२ चा सिलिंडर खोलीत सावलीला रात्रभर ठेवा. सकाळी खोली २५ डिग्री असली तर आपल्याकडं आर-२२ ला १३८ च्या आसपास आणि आर-३२ ला २३२ च्या आसपास पीएसआय यायला पाहिजे, सिलिंडरमध्ये लिक्विड शिल्लक पाहिजे आणि गॅस शुद्ध पाहिजे. दुसऱ्या सिलिंडरवर प्रोब बरोबर आला आणि एकावरच लांब गेला तर गॅस भेसळीचा असायची शक्यता आहे, हे पण त्याच चाचणीत कळतंय, तो सिलिंडर दुकानदाराला परत करा.

पहिला महिनाभर प्रत्येक कामाला जुनं गेज पण सोबत ठेवा आणि सुपरहीट हातानं काढून मग अ‍ॅपकडं बघा. रिटर्न हवा, सप्लाय हवा, पाइप, प्रेशर, अ‍ॅम्पियर, एवढे पाच आकडे प्रत्येक मशीनचे वहीत लिहा, बाहेरचं टेंपरेचर पण. मशीन चांगलं असताना लिहिलेले आकडेच पुढच्या वर्षी ते बिघडल्यावर उपयोगाला येतात. गिऱ्हाईक कन्नड असो मराठी असो, फोनवर हवेचे दोन आकडे दाखवले आणि फिल्टर धुतल्यावर परत दाखवले की गॅस हाक्रि म्हणणारा माणूस पण गप्प बसून बघतोय.

सीझन संपला, गणपतीनंतर कामं कमी झाली, की सगळ्या प्रोबचे सेल काढून ठेवा, टोपणं लावा, मायक्रॉन गेजच्या तोंडाला तेल लागलं असलं तर कंपनीनं सांगितलेल्या पद्धतीनं साफ करा, आणि डबी कोरड्या जागी ठेवा, आमच्याकडच्या पावसाळी ओलीत सेल फुटून आतला संपर्क गंजायला एक महिना पुरतोय.